पाकटाचा काटा

मराठीत 'विषारी' हा शब्द आपण फार ढिलाईने वापरतो. नाग विषारी, धोतरा विषारी, पावसाळ्यात उगवणारी एखादी अळंबी विषारी, आणि मासाही विषारी. खाल्ल्याने बाधते ते आणि टोचल्याने बाधते ते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. जमिनीवर यामुळे फारसे बिघडत नाही, कारण नाग कोणी खात नाही आणि धोतरा कोणाला डसत नाही. समुद्रात मात्र हा ढिलेपणा महागात पडतो.

कोकण किनाऱ्यावरचा केंड मासा घ्या. डिवचला की पोट फुगवून चेंडूसारखा होतो. त्याच्या अंगात, विशेषतः यकृतात आणि अंडाशयात, टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. जपानात याच कुळातला फुगू मासा रांधण्यासाठी स्वयंपाक्याला परवाना काढावा लागतो. केंड हातात धरला तर हे विष बाधत नाही. पोटात गेले तरच घात होतो. आता पाकट घ्या. पाकट कोकणात आवडीने खातात, ओले खातात आणि सुकवूनही खातात. पण त्याच्या शेपटीवरचा काटा पायात शिरला तर धडधाकट माणूस वेदनेने लोळतो. पहिल्या माशाला स्वयंपाकघरात घाबरायचे, दुसऱ्याला पाण्यात. दोघांनाही 'विषारी मासा' म्हणून मोकळे झालो की कोणाला कुठे घाबरायचे हेच कळेनासे होते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी हा भेद सोडला नव्हता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषाचे स्थावर आणि जंगम असे दोन वर्ग केले आहेत आणि प्राण्यांच्या, म्हणजे जंगम, विषाची सोळा अधिष्ठाने मोजली आहेत. दृष्टी, निःश्वास, दाढ, नख, लाळ अशी ती यादी चालते. दृष्टीतले विष आज कोणी मानणार नाही. पण त्याच यादीत अस्थी आणि पित्त ही दोन स्थाने आहेत, आणि दोन्हींच्या उदाहरणांत मासे आहेत. पित्ताचे उदाहरण आजही खरे ठरते. औषध म्हणून रोहू माशाचे पित्त कच्चे गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हाडातले विष म्हणजे माशाचा विषारी काटा असावा, असे मला वाटते. दाढ-नखात विष असणाऱ्यांत सुश्रुताने 'पाकमत्स्य' असा एक मासा सांगितला आहे. त्यावरून आपला 'पाकट' शब्द आला असे म्हणून टाकण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे त्यांचे नाते सिद्ध होत नाही. शिवाय पाकटाचे विष दाढेतही नसते आणि नखातही नसते.

ते असते शेपटीत. १० सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईतील गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू होते. गुडघाभर, मांडीभर पाण्यात मूर्ती घेऊन उतरलेली माणसे एकामागून एक ओरडत बाहेर येऊ लागली. पन्नासाहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. पुढचे काही दिवस बातम्यांत जेलिफिश आणि पाकट अशी दोन्ही नावे फिरत राहिली. खरे तर या दोन जखमांमध्ये गोंधळ होण्याचे कारण नाही. जेलिफिशच्या तंतूंनी कातडीवर चाबकाचे वळ उठावेत तशा लाल रेघा उठतात, आग होते, रक्त येत नाही. पाकटाची जखम भोसकल्याची असते. ती पावलावर किंवा घोट्याजवळ होते, तिच्यातून रक्त वाहते आणि तासाभरात वेदना वाढत वाढत मांडीपर्यंत चढते. तेव्हापासून विसर्जनाच्या आधी मत्स्यव्यवसाय विभाग आणि मुंबई महापालिका पाकट व जेलिफिशबद्दल सूचना काढतात. अनवाणी उतरू नका, गमबूट घाला, लहान मुलांना पाण्यात नेऊ नका, असे त्यांत असते.

त्या दिवशी माशांनी माणसांवर हल्ला केला, असे तेव्हा छापून आले. पाकट हल्ला करत नाही. तो शार्कचा चुलतभाऊ. हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा, पापडासारखे चपटे अंग, तोंड खालच्या बाजूला. वाळूत बसताना अंग हलवून तो वाळू पाठीवर ओढून घेतो आणि फक्त डोळे उघडे ठेवतो. लहान पाकटे उथळ पाण्यात राहतात, कारण तिथे मोठे मासे पोहोचत नाहीत. भाद्रपदात समुद्राचे पाणी अजून गढूळ असते. त्या गढूळ पाण्यात हजारो अनवाणी पावले उतरतात आणि त्यांतले एखादे पाकटाच्या पाठीवर पडते. दबलेला पाकट शेपूट वर उसळवतो. एवढाच त्याचा गुन्हा.

त्या शेपटीवरचा काटा नीट पाहण्यासारखा आहे. तो दाताच्या जातीच्या पदार्थाचा बनलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असतात. हे दाते मागे वळलेले असतात. म्हणून काटा आत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. काट्याच्या खालच्या अंगाला दोन लांब पन्हळी असतात, विष तयार करणारी ऊती त्या पन्हळींत बसलेली असते आणि या सगळ्यावर पातळ कातडीचे म्यान असते. सापाच्या दाताला आतून नळी असते आणि साप विष दाबून सोडू शकतो. पाकटाकडे तशी सोय नाही. काटा शिरताना म्यान फाटते आणि विष जखमेत सांडते. कधी म्यानाचा तुकडा, कधी काट्याचे टोक आत राहते, आणि वरून भरून आलेली जखम महिनाभराने पुन्हा चिघळते. ऑस्ट्रेलियाचे प्राणिपटकार स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी पाकटाच्या काट्यानेच गेले, पण तो काटा छातीत घुसला होता. पायाला लागलेल्या काट्याने माणूस दगावणे फार दुर्मिळ आहे.

पाकट वाळूतला. खडकांत गेले की मंडळी बदलतात. मुंबईच्या हाजीअलीपासून रायगड, रत्नागिरीमार्गे मालवणपर्यंत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळांत, त्यांच्या कपारींत आणि डबक्यांत एक वेगळे गाव नांदते. मुंबईच्या अशा खडकाळ किनाऱ्यांवरील जिवांची नोंद करणारा 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम प्रदीप पाताडे, सिद्धार्थ चक्रवर्ती आणि अभिषेक जमालाबाद यांनी २०१७ साली सुरू केला. सामान्य माणसांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन, तिथे काय काय जगते हे दाखवण्याचे काम त्यांनी केले. या गढूळ पाण्यात काही नसेल, अशी आपली समजूत असते. या मंडळींनी ती नोंदींच्या आधारे मोडली.

खडकातल्या विषधारी माशांचे मुख्य घराणे विंचूमाशांचे. हे मासे पोहायला आळशी असतात. अंगावर कातडीच्या झिरमिळ्या, रंग शेवाळल्या दगडासारखा, डोके वेडेवाकडे. ते दगडाला टेकून बसतात आणि तोंडासमोरून भक्ष्य गेले की गिळतात. पाठीवरच्या परात कडक काटे असतात आणि प्रत्येक काट्याच्या खाचेत विषग्रंथी असते. हा काटा भक्ष्य मारण्यासाठी वापरलाच जात नाही. तो केवळ स्वतःच्या रक्षणासाठी असतो. म्हणूनच बहुधा या विषाचे मुख्य लक्षण मृत्यू नसून वेदना हे आहे. शत्रूला मारण्यापेक्षा आयुष्यभर लक्षात राहील असा धडा देणे माशाच्या अधिक फायद्याचे असते.

याच गणगोतातला सर्वांत भयंकर म्हणजे दगडमासा. तो आपल्याकडे मुख्यतः लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि अंदमान इथल्या प्रवाळी पाण्यात आढळतो. पाठीवर तेरा काटे आणि प्रत्येक काट्याला विषाच्या दोन पिशव्या. काट्यावर भार पडला की पिशव्या दाबल्या जातात आणि विष पायात ढकलले जाते. म्हणजे पाय ठेवणारा स्वतःच्या वजनाने स्वतःला विष टोचून घेतो. या विषातील मुख्य प्रथिनाची रचना २०१५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी उलगडली. त्याचे रेणू पेशीच्या आवरणावर गोल कडे करून जमतात आणि आवरणाला भोक पाडतात. गंमत अशी की आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशी रोगग्रस्त पेशींना मारण्यासाठी जे 'परफोरिन' वापरतात, त्याचा आणि या विषाचा मूळ साचा एकच आहे.

विंचूमाशांतला देखणा नातलग म्हणजे सिंहमासा. लाल-तपकिरी पट्टे, पिसाऱ्यासारखे पसरलेले पर. पाठीवर तेरा, पोटाखाली दोन आणि शेपटीकडच्या खालच्या परात तीन असे अठरा विषारी काटे तो बाळगतो. पिसाऱ्यासारखे बाजूचे पर मात्र निर्विष असतात. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर सापडणाऱ्या एका सिंहमाशाचे शास्त्रीय नाव 'टेरॉइस रसेली' असे आहे. नाव वाचून ज्याला घोणस आठवेल त्याची आठवण बरोबर आहे. घोणसही 'डाबोइया रसेली'च. दोन्ही नावे पॅट्रिक रसेल या एकाच माणसाची. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला हा स्कॉटिश वैद्य विशाखापट्टणमला राहिला. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर त्याने १७९६ साली ग्रंथ काढला, त्यात विषारी कोणते आणि बिनविषारी कोणते हे प्रयोग करून ठरवले. १८०३ साली त्याने विशाखापट्टणमच्या दोनशे माशांची चित्रे आणि वर्णने छापली. माशांची नावे त्याने स्थानिक लोकांच्या तोंडून घेतली. रानातला साप आणि किनाऱ्यावरचा मासा एकाच कुतूहलाने पाहणारा असा माणूस पुढे फारसा झाला नाही. विषविद्येच्या दोन शाखा झाल्या. सापांची शाखा वाढली आणि माशांची खुरटली.

खुरटली असे म्हणतो, कारण अगदी अलीकडेपर्यंत विषधारी मासे जगात दोनशेच्या आसपास असावेत असा समज होता. न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील लिओ स्मिथ आणि वॉर्ड व्हीलर यांनी २००६ साली माशांची वंशावळ मांडून तो आकडा बाराशेच्या पुढे नेला. स्मिथ यांच्याच पुढच्या कामात, २०१६ साली, तो अडीच हजारांच्या आसपास गेला. म्हणजे सगळे विषारी साप एकत्र केले तरी मासे त्यांना भारी ठरतात. आणि माशांमध्ये विष एकदाच उपजले नाही. वेगवेगळ्या घराण्यांत ते अठरा वेळा स्वतंत्रपणे आले.

आता उपचाराकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. माशांच्या काट्यांतले विष बहुतांशी प्रथिनांचे असते आणि ही प्रथिने नाजूक असतात. अंड्याचा पांढरा भाग तापला की जसा कायमचा बदलतो, तशी ती उष्णतेने बिघडतात. म्हणून पहिला उपचार म्हणजे गरम पाणी. जखम स्वच्छ पाण्याने धुवायची, आणि पाय सोसवेल इतक्या गरम, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या, पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी निवले की बदलायचे. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या, धड पायाने किंवा हाताने पाहायचे, कारण दुखऱ्या पायाला ते कळत नाही आणि माणूस भाजून घेतो. कॅलिफोर्नियातील पाकटाच्या ११९ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला फक्त गरम पाण्यावर ठेवलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के रुग्णांच्या वेदना दुसऱ्या औषधाविना आटोक्यात आल्या. त्यानंतर दवाखाना आहेच. धनुर्वाताचे इंजेक्शन, आत तुकडा राहिला का ते पाहण्यासाठी एक्स-रे, आणि समुद्राच्या पाण्यातल्या जंतूंसाठी गरजेप्रमाणे प्रतिजैविक. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसायचा नाही. तसाच ठेवून रुग्णालय गाठायचे.

मी राहतो तो कळवण तालुका समुद्रापासून दूर. इथले पाणी केमच्या डोंगरातून निघालेल्या गिरणेचे, आणि ते तापीला मिळून मग समुद्रात जाते. सप्तशृंगीच्या या मुलखात माणसांना विषाची ओळख आहे ती सापाची आणि विंचवाची. दिवाळीच्या सुटीत आमच्याकडूनही गाड्या भरून माणसे अलिबागला, मालवणला जातात आणि विषाबद्दलची आपली सगळी समज सोबत नेतात. काही डसले की वरच्या बाजूला आवळून बांधायचे, ही ती समज. ती फार जुनी आहे. सुश्रुताने सापाच्या दंशावर असे बंधन सांगितले असून त्याला अरिष्टाबंधन असे नाव आहे. आजचे वैद्यक सापालाही ते नको म्हणते. माशाच्या काट्याला तर ते दुप्पट नको. विष जखमेच्या आसपासच काम करते. दोरी आवळल्याने ते तिथेच कोंडले जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरते. चिरा देणे, तोंडाने चोखणे, तंबाखू किंवा चुना भरणे हेही त्याच पंथातले.

दुसरी समज सुईची. सापाची लस द्या, म्हणून नातेवाईक डॉक्टरमागे लागतात. भारतात मिळणारे सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर केलेले असते. माशाच्या विषावर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट ते घोड्याच्या रक्तातून काढलेले असल्याने काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. फक्त दगडमाशाच्या विषावर वेगळे प्रतिविष आहे. ते १९५९ पासून ऑस्ट्रेलियात तयार होते. भारतात ते तयार होत नाही.

यावर कोणी उलट विचारील, की मग सापालाही गरम पाणी का नाही? सापाचे विष दातातून खोल जाते आणि तिथून अंगभर पसरते. तितक्या खोलवर विष बिघडवायचे तर पाय शिजवावा लागेल. शिवाय सापाच्या विषातले अनेक घटक उष्णतेला माशाच्या विषाइतके सहज दबत नाहीत. सापाला गरम पाणी देत बसणे म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याची वेळ घालवणे. तेव्हा हा उपाय माशापुरताच ठेवावा.

विंचवाच्या बाबतीत कोकणाचे नशीब बरे होते. महाडला दवाखाना चालवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे का मरतात याचा रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला, रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखवले आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात टळू लागले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूमाशाला असा कोणी बावस्कर भेटला नाही. त्याचे विष मारत नाही, आणि जे मारत नाही त्याच्यावर संशोधनाचा पैसा वळत नाही. पण मासेमाराच्या पायाची जखम चिघळून पंधरा दिवस बुडाले तर घरची चूल बंद पडते, आणि हे बुडालेले दिवस कोणत्याच नोंदवहीत चढत नाहीत.

किनाऱ्यावरच्या लोकांना यातले बरेच काही अनुभवाने ठाऊक आहे. पाण्यात पाऊल उचलून न टाकता वाळूत घासत पुढे सरकवायचे, म्हणजे पाकटाला आधी चाहूल लागते आणि तो निघून जातो. शिंगाळा जाळ्यात आला की टोपलीत टाकण्याआधी त्याचे काटे मोडायचे. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि बाजूच्या परांत एकेक असे तीन काटे असतात. ते उभे करून तो सांध्यात अडकवतो आणि मग ते दाबून खाली बसत नाहीत. गोड्या पाण्यातले शिंगटेही हीच युक्ती करतात, आणि गिरणेवर चणकापूरच्या जलाशयात जाळे टाकणारा ते डोक्यामागून कसे धरायचे हे पोराला पोहण्याबरोबरच शिकवतो. या नदीतल्या माशांत जहाल म्हणावी ती शिंगी. भातखाचरांच्या आणि तळ्यांच्या चिखलात राहणारी ही काळपट मासळी देशभर आहे. तिच्या बाजूच्या काट्याला विषग्रंथी असतात आणि ठणका रात्रभर झोपू देत नाही. तिलाही गरम पाणीच.

एक गोष्ट बाजारात मासळी घेणाऱ्यांसाठी. मासा मेला म्हणजे त्याचे विष मेले असे नाही. बर्फातल्या पाकटाचा, शिंगाळ्याचा किंवा विंचूमाशाचा काटा बोटात गेला तर तोही बाधू शकतो. कोळीण पाकटाचा काटा छाटून मगच तो पाटीत मांडते. छाटलेला नसेल तर तिच्याकडूनच छाटून घ्यावा. एकदा चुलीवर चढल्यावर भीती नाही. ज्या उष्णतेने पायातले विष निवते, तीच कालवणातही काम करते.